मुरड

दिवाळीच्या फराळात करंजीइतका मानी पदार्थ दुसरा नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. लाडू फुटला तर त्याचा चुरा वाटीत घालून खाता येतो. चकली मोडली तरी तुकड्यातुकड्याने ती चकलीच राहते. करंजीची मुरड मात्र तळताना सुटली, की सारण तुपात उतरते, तूप काळे पडते आणि त्या एकीच्या पायी मागून येणाऱ्या दहाजणींच्या अंगाला डाग लागतात. म्हणून आमच्या घरी लाटायला कोणीही बसते, सारण भरायला मुलांनाही बोलावतात. मुरड घालायला मात्र जाणता हात लागतो. ती सैल राहून चालत नाही आणि फार आवळूनही चालत नाही. आवळली की पारी फाटते.

मी मराठी शिकवते. त्यामुळे चांगला शब्द दिसला की त्याच्या घरी डोकावून पाहण्याची मला खोड आहे. हा स्वयंपाकघरातला शब्द आपल्या भाषेने मनाच्या कामालाही लावला. आपण मन मारतो, मन दाबतो. आणि मनाला मुरडही घालतो. या तीन गोष्टी एक नव्हेत. मारलेले मन संपते, दाबलेले उसळते. मुरड घातलेल्या मनात आतले सारण शाबूत असते, नुसती कड आत वळलेली असते.

हे सगळे मी वर्गात पुष्कळ वेळा सांगितले आहे. पण हाच शब्द एक दिवस बंदुकीच्या काडतुसाला लावावा लागेल आणि तोही आमच्याच घरातल्या बापलेकांच्या निमित्ताने, असे कोणी म्हटले असते तर मी हसले असते. करंजी कुठे आणि काडतूस कुठे!

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ चालवतो. ज्यांनी उद्यमनगर पाहिले नाही त्यांना एवढेच सांगते, की तिथे सकाळी नऊनंतर दोन माणसांनी हळू आवाजात बोलणे अशक्य आहे. ओतकामाच्या भट्ट्या, उसाच्या चरकाचे दात, इंजिनांचे भाग, पंपांचे दांडे यांवर ते गाव जगले आणि वाढले. दादाचे शिक्षण बेताचे. पण लोखंडाचा तुकडा बोटाने चाचपून त्याची जाडी सांगण्यात त्याचा हात धरणारा मी पाहिला नाही. त्याचा मुलगा इंजिनियर झाला आणि अमेरिकेत आयडाहो राज्यात जाऊन स्थायिक झाला. माझ्या आणि या भाच्याच्या वयात फार अंतर नाही. तो मला आत्या म्हणतो खरा, पण लहानपणी आम्ही एकाच ताटात जेवलो आहोत. त्याला आता दोन मुले आहेत. थोरला सहा वर्षांचा, धाकटी चार.

दोन वर्षांपूर्वी त्याने तिथे शिकारीची रायफल घेतली आणि दादाचे बोलणे आटले. त्या देशातल्या शाळांमधून गोळीबार झाल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. दादाने त्या वाचल्या होत्या आणि शिवाय त्याला आमचे आजोबा आठवत होते. आजोबा संस्थानच्या काळात दाजीपूरच्या रानात शिकारीला हाका घालायला जात. डबे बडवत, ओरडत जनावर पुढे काढायचे आणि ज्याच्या हाती बंदूक असेल त्याच्या समोर नेऊन सोडायचे, हे त्यांचे काम. ते रान १९५८ मध्ये अभयारण्य झाले आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारच संपली. "आपण हाका घालणाऱ्यांतली माणसं," दादा म्हणाला. "बंदूक धरणाऱ्यांतली न्हवं. आन घरात बारकी पोरं हायत त्याच्या!" यापुढे बापलेकांचे बोलणे म्हणजे 'जेवलास का' आणि 'तिकडं थंडी हाय का', एवढेच. बंदुकीचे नाव निघाले की दादा फोन वहिनीच्या हाती देई.

अशात एका सकाळी भाच्याचा मलाच फोन आला. तिथे आदली रात्र होती. "आत्या, आबांना एक विचारशील का? लेथचं काम आहे."

काम काय आहे हे समजून घ्यायला मला दोन दिवस लागले. मला जसे उमगले तसे सांगते.

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला आणि शाळेतल्या इतिहासाने तो घरोघर पोचवला. १८५७ ची काडतुसे कागदी होती. दाताने तोडायची, दारू नळीत ओतायची, की संपली. ३१ जुलै १८५७ ला आमच्या कोल्हापुरात सत्ताविसाव्या पलटणीने उठाव केला तेव्हाची काडतुसे या जातीची. पुढच्या पंधरावीस वर्षांत कागद गेला आणि पितळेची पुंगळी आली. सत्तर भाग तांबे, तीस भाग जस्त. बुडाशी टोपी, पोटात दारू आणि तोंडात शिशाची गोळी. बार उडाला की गोळी जाते, पुंगळी उरते. आणि आपल्या घरातले पितळेचे भांडे जसे कल्हई लावून पुन्हा वापरात येते, तशी ही पुंगळीही पुन्हा भरता येते. जुनी टोपी काढायची, फुगलेले अंग साच्यातून दाबून पहिल्या मापावर आणायचे, नवी टोपी बसवायची, दारू मोजून घालायची, गोळी बसवायची आणि शेवटी पुंगळीची कड गोळीच्या अंगावरच्या खाचेत किंचित आत वळवायची. त्या शेवटच्या कामाला भाचा 'क्रिंप' म्हणाला. मी म्हटले, "अरे, ही तर मुरड!"

अमेरिकेत हा हजारो लोकांचा घरगुती छंद आहे. आपल्याकडे नाही आणि ते बरेच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून काडतूस तयार करता येत नाही. ते काम खडकीच्या १८६९ पासूनच्या कारखान्यासारख्या ठिकाणीच व्हायचे. नेमबाजीने आमच्या जिल्ह्याचे नाव जगात नेले. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिचला जगज्जेती झाली, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझपदक मिळवले. पण त्यांच्या पन्नास मीटरच्या रायफलीचे बारके काडतूस पुन्हा भरताच येत नाही. त्याला निराळी टोपी नसते. ठिणगीचे द्रव्य बुडाच्या कडेतच असते आणि घोड्याच्या एका ठोक्याने ती कड चेपून जाते. त्या पितळेला दुसरा जन्म नाही.

भाच्याची रायफल मात्र त्या जुन्या घोडेस्वारांच्या सिनेमातली. घोड्याखाली एक कडी असते. ती खाली ओढून वर घेतली की रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि भरलेले काडतूस आत येते. हेन्रीची १८६० ची आणि विंचेस्टरची १८७३ ची रायफल याच घराण्यातली. हिची काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक, आषाढीच्या दर्शनबारीत माणसे उभी असतात तशी उभी असतात. मागच्याचे नाक पुढच्याच्या बुडाला, म्हणजे थेट टोपीला टेकलेले. नाक टोकदार असेल तर धक्क्याने पुढची टोपी पेटायची. म्हणून शंभराहून अधिक वर्षे या बंदुकांच्या गोळ्या नकट्याच राहिल्या. मुरडही इथे फार महत्त्वाची. पुढून स्प्रिंग रेटते, बार उडाला की धक्का बसतो. मुरड सैल असेल तर गोळी पुंगळीत आत सरकते, दारूची जागा कमी होते आणि आतला दाब नको तेवढा वाढतो. करंजी सुटली तर तूप जाते. इथे भरणाऱ्याचा डोळा जाऊ शकतो.

या शतकाच्या पहिल्या दशकात एका कंपनीने मऊ, लवचिक टोकाची गोळी काढली. टोक अणकुचीदार, पण दाबले तर दबणारे. त्यामुळे टोपीला धोका नाही. प्रश्न एकच आला. ही गोळी अंगाने लांब. बंदुकीच्या यंत्रात काडतुसाची एकूण लांबी ठरलेली. तिथे तसूभर जास्त चालत नाही. गोळी आपली लांबी सोडायला तयार नाही, बंदूक आपले माप सोडायला तयार नाही. दोन हट्टी माणसांच्या मध्ये सापडलेल्या तिसऱ्याचे जे होते ते पुंगळीचे झाले. कंपनीने पुंगळीच आखूड केली.

भाच्याच्या काडतुसाचे नाव ४५-७०. अमेरिकन सैन्याने ते १८७३ मध्ये घेतले. पंचेचाळीस म्हणजे गोळीची जाडी, इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले पंचेचाळीस. सत्तर म्हणजे त्या वेळची काळी दारू, सत्तर ग्रेन. ग्रेन म्हणजे दाणा. इंग्रजांनी वजनाला धान्याचा दाणा घेतला, आपण गुंज घेतली. सोनार आणि सैनिक दोघेही शेवटी शेतातच गेले. जुनी गोळी ४०५ ग्रेनची, म्हणजे बरोबर सव्वादोन तोळे. आता दारू निराळी आणि तिचे वजनही निराळे. नाव तेवढे जुने. पुंगळीची मूळ लांबी २.१०५ इंच. नव्या आखूड पुंगळीची २.०४०. फरक इंचाच्या हजार भागांतले पासष्ट.

एवढ्याशा फरकाने मुरड अडली. मुरड घालणारा साचा, ज्याला ते 'डाय' म्हणतात, प्रेसमध्ये आट्यांवर फिरवून बसवतात. त्याच्या पोटात एक बारीकशी पायरी असते. पुंगळीची कड तिला जाऊन भिडली की आत वळते. साचा जुन्या लांब पुंगळीच्या मापाचा. आखूड पुंगळीसाठी तो आणखी खाली आणावा, तर त्याचे तोंड पुंगळीच्या बैठकीवर टेकते आणि पायरी वरच राहते. कड हवेतच. साच्याच्या आट्यांचा एक फेरा म्हणजे इंचाचा चौदावा भाग. एका फेऱ्याचेसुद्धा काम नव्हते. पण तेवढ्यालाही जागा उरली नव्हती. काही जातींना त्याच जाडीच्या ठेंगण्या काडतुसाचा साचा उसना घेता येतो; याला तसा भाऊबंद नाही. उरला एकच उपाय. साच्याचे तोंडच खालून कापायचे. साचा कडक पोलादाचा, भाच्याकडे लहान लेथ होता आणि हात मात्र कच्चा.

हा निरोप घेऊन मी दुकानात गेले. दादा कुठल्याशा पंपाचा दांडा घासत होता. रायफल हा शब्द ऐकताच त्याने मशीन बंद केले नाही. हे त्याच्या रागाचे लक्षण. मी ओरडून सगळे सांगितले. तो काही बोलला नाही. मी निघाले तेव्हा मात्र मागून आवाज आला.

"किती कमी पडतंय म्हणालीस?"

"पासष्ट."

"थाऊ?" त्याने मशीन थांबवले. "म्हंजे अर्धं सूत."

आमच्या कारखान्यांतून इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात, हे वाचकांना ठाऊक असेल. अर्धे सूत. घरातले सूत बिघडायला जेवढे पुरते तेवढेच ते होते, असे मला तेव्हा वाटून गेले. पण दादापुढे शब्दांच्या कोट्या करण्याची ती वेळ नव्हती.

"त्याला सांग," दादा म्हणाला, "साचा कापायचं मी दाखवतो. पण आधी मला कपाट दाखीव म्हणावं. कुलूप बघितल्याबिगर मी लेथला हात लावू देणार न्हाई. दारू एका कपाटात, बंदूक दुसऱ्यात, आन किल्ली पोरांचा हात पोचंल तिथं नको."

मला वाटले, भाचा चिडेल. पस्तिशीच्या माणसाला बापाने कुलूप दाखव म्हणणे म्हणजे काय! पण तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "रविवारी दाखवतो."

त्या रविवारी सकाळी दादाच्या घरी आम्ही सगळे फोनभोवती बसलो होतो. भाच्याने तळघरातली दोन कपाटे दाखवली, कुलपे दाखवली, किल्ली गळ्यातल्या साखळीत आहे तेही दाखवले. दादाने "दुसरं उघड, बंद कर, ओढून बघ," असे तीनदा करवून घेतले. वहिनी डोळ्यांना पदर लावून बसली होती. मग दादाने चष्मा पुसला.

पुढचा दीड तास मी जे ऐकले ते एखाद्या चांगल्या व्याख्यानापेक्षा कमी नव्हते. साचा आट्यांवर सरळ चकात धरायचा नाही, आटे चेपतात. भोवती तांब्याची पट्टी गुंडाळायची. साधे हत्यार या पोलादावर नुसते घसरेल, कार्बाइडचे लावायचे. एका वेळी केसाएवढेच घ्यायचे. तोंड काटकोनात आले पाहिजे, नाहीतर मुरड एका अंगाला गाढ आणि दुसऱ्या अंगाला पोकळ पडेल. पासष्ट कमी पडतात म्हणून पासष्टच कापायचे नाहीत. थोडी जास्त जागा ठेवायची, पण पायरीकडे जायचे नाही. कापून झाले की आतली कड पुन्हा किंचित उतरती करून गुळगुळीत करायची, नाहीतर पितळेवर ओरखडे उठतात. आणि सगळ्यात शेवटी कीस पुसून काढायचा, कारण "लोखंडाचा कण आन घरातली शंका, दोन्ही राहिली की खरवडत राहत्यात."

भाच्याने एक रास्त शंका काढली. "पण आबा, साचा आखूड केला तर माझ्या जुन्या लांब पुंगळ्यांचं काय? त्यांना दुसरा घ्यायचा का?"

दादा हसला. दोन वर्षांत पोराशी बोलताना तो हसल्याचे मी पाहिले नव्हते. "आटे कशाला दिल्यात? लांब पुंगळी आली की वर घे. आखूड आली की खाली घे. लांबड्या साच्याला आखूड जमत न्हाई. आखूड साच्याला दोन्ही जमत्यात."

हे वाक्य मी तिथेच मनात टिपून घेतले. माझ्या वर्गात दरसाल कितीतरी मुले अशी येतात, की आमच्या पुस्तकी मापाला ती अर्धे सूत कमी पडतात. गगनबावड्याकडची, शाहूवाडीकडची, घरी बोलायची भाषा निराळी, लिहायची निराळी. त्यांचे म्हणणे पोटात पुरेपूर भरलेले असते, फक्त कड आमच्या पायरीला भिडत नाही. मग आम्ही म्हणतो, मूल कच्चे आहे. साचा खाली आणावा तर तो बैठकीवर टेकलेला असतो, आणि साच्याचे तोंड कापावे हे आम्हाला पाप वाटते. कारण मग उंच मुलांचे नुकसान होईल ही धास्ती. उद्यमनगरातला एक लेथवाला मला सांगत होता, की तसे काही होत नाही. त्यानंतर मी पहिल्या वर्षाचा पहिला निबंध ज्याच्या त्याच्या घरच्या बोलीत लिहायला सांगू लागले आहे. प्रमाण मराठी चांगली येणाऱ्या मुलांचे त्यात काही बिघडलेले मला दिसले नाही. त्यांनी साचा वर घेतला, इतकेच.

मुरड जमली का, हे विचारायचे राहिले असे वाचकांना वाटेल. पहिल्या दोन पुंगळ्या फुगल्या. भाच्याने हौसेने फार आवळल्या होत्या. कडेखालचे पितळ बाहेर आले आणि त्या बंदुकीत जाईनात. त्यांत ना टोपी होती, ना दारू. दादाच्या हुकमाने नुसत्या रिकाम्या पुंगळ्या आणि गोळी घेऊनच परीक्षा चालली होती. पुंगळ्यांची उंची एकसारखी आहे का, असे दादाने विचारले. नव्हती. त्या एका मापाच्या करून घेतल्यावर तिसरी बरोबर बसली. भाच्याने ती फोनपुढे धरली. कड खाचेत अशी हलके वळली होती, की वहिनी चटकन म्हणाली, "अगं बाई, किती सुरेख मुरड!"

दादाला बंदूक अजूनही पसंत नाही. ती घरातून जावी असे त्याला वाटते आणि तसे तो स्पष्ट बोलतो. भाचाही ती विकणार नाही. या बाबतीत दोघांपैकी कोणी जिंकले नाही आणि मला वाटते, कोणी हरलेही नाही. गोष्ट मिटली असे म्हणवत नाही. पण आता फोन वहिनीच्या हाती जात नाही. दर रविवारी इथली सकाळ आणि तिथली रात्र झाली की भाचा आधी कपाटाचे कुलूप ओढून दाखवतो, गळ्यातली किल्ली पुढे धरतो. दादा मान हलवतो. मग थोरला नातू बापाला बाजूला सारून समोर येतो आणि विचारतो, "आजोबा, आज मशीनवर काय केलं?"